लोणारहून आणलेला समुद्र

"थे समुद्रातली मासोळी हाय. उन्हाळ्यापर्यंत टिकली तं सांगजो मले."

वाक्य कपाटांच्या पलीकडून आलं. अलीकडे मी परीक्षानळ्या धूत होते. कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आणि स्टाफरूम यांच्यामध्ये भिंत नव्हती. दोन उंच लाकडी कपाटं पाठीला पाठ लावून उभी केलेली होती आणि त्यांच्यावरून सगळं ऐकू यायचं. बोलणारे आमच्या जीवशास्त्र विभागाचे प्रमुख होते. ऐकणारे रसायनशास्त्राचे सर हसले.

"टिकते कायले? तुमचा भाचा एमेस्सी करून मोकळा होते ना यंदा."

"होते ना. म्हणून तं म्हणतो."

मुंबईहून आलेली मासोळी म्हणजे मी. मी नळ बंद केला नाही. बंद केला असता तर मी तिथे आहे हे त्यांना कळलं असतं. धुतलेल्या नळ्या मी पुन्हा धुतल्या.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि कॉलेज नवं होतं. मला एका वर्षाची तात्पुरती नेमणूक मिळाली होती, प्रात्यक्षिकं घेण्यासाठी. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मिळेनात म्हणून काही तासही माझ्याकडे आले. बाबा मुंबईला गोदीच्या कार्यालयात होते. निवृत्त झाल्यावर आम्ही गावी परतलो. माझं सगळं शिक्षण मुंबईत, नन्सच्या शाळेत, इंग्रजीतून झालेलं. घरातली मराठी वेगळी, शाळेतली इंग्रजी वेगळी, आणि वाशिमला आल्यावर दोन्ही चुकीच्या ठरल्या. मी 'आहे' म्हटलं तरी मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्यासारखं 'आहे' म्हणायचं.

घरी काकांनी ठरवून टाकलं होतं. पुसदचं एक स्थळ होतं. "नोकरी पुढच्या साली चालू राह्यली तं थांबू," ते बाबांना म्हणाले होते, "नाही तं मे महिन्यात उरकून टाकू. पोरगी बोलत नाही, तिले काय विचारायचं." बाबांनी वर्तमानपत्र उलटलं. मी दारात उभी होते, आणि खरोखरच काही बोलले नाही. पुसदच्या स्थळाबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्याला शिकलेली पण नोकरी न करणारी मुलगी हवी होती. म्हणजे माझं पुढचं सगळं त्या नेमणुकीवर होतं. ती पुढे चालू ठेवायची की नाही हे संस्थेचे अध्यक्ष ठरवणार होते, आणि अध्यक्षांच्या कानाशी आमचे विभागप्रमुख सर होते.

स्टाफरूममध्ये कोपऱ्यात माठ होता, त्यावर फळी, फळीवर स्टीलचे ग्लास. पहिल्या आठवड्यात मी त्यातला एक घेऊन पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी शिपायाने मला पाणी आणून दिलं ते पितळी ग्लासातून, आणि तो ग्लास नंतर खिडकीत ठेवला. मग रोज तो खिडकीतच असायचा. मी तीन-चार वर्षांची असताना आमचं घर बौद्ध झालं होतं, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वाशिमसारख्या गावात आडनाव पुरतं. कोणी मला काही म्हणालं नाही. फळीवरचे ग्लास घेऊ नका, असंही नाही. मीही पुन्हा फळीकडे गेले नाही. ह्याचा मला राग यायचा, त्यांचा आणि माझाही.

आमचे सर वनस्पतिशास्त्राचे. प्राणिशास्त्रातला प्राण्यांच्या प्रसाराचा भाग ते प्रत्येक तुकडीला स्टाफरूममध्ये बोलावून स्वतः सांगून लिहायला लावायचे, खुर्चीत बसून, डोळे मिटून. मी कपाटाआडून इतक्यांदा ऐकला होता की मलाही पाठ झाला होता. "जमिनीवर डोंगर, नद्या, वाळवंटे प्राण्यांना अडवतात. समुद्र अखंड आहे. समुद्रात अडवणारे काहीही नाही. म्हणून समुद्रातील प्राणी सर्वत्र आढळतात. पूर्णविराम." पूर्णविरामही ते बोलून दाखवायचे.

त्या हिवाळ्यात ते चार दिवस रजेवर गेले आणि तो भाग माझ्याकडे आला. मी किनाऱ्यावरच्या, खडकावरच्या जीवांबद्दल बोलून वेळ काढू शकले असते. पण मला उघड्या समुद्राबद्दलच बोलायचं होतं. मुंबईत शेवटच्या वर्षाला आम्हाला एकदा होडीतून नेलं होतं. बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढली, वर काढली आणि तळाशी साचलेलं बाटलीत ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सळईसारखे पारदर्शक किडे दिसले, बाणाच्या आकाराचे. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, ह्यांच्या वेगवेगळ्या जाती असतात, आणि कोणती जात जाळीत आली त्यावरून आपण कोणत्या पाण्यात आहोत ते कळतं. वरून पाणी सगळं सारखं, एकाच रंगाचं. किड्याला मात्र माहीत असतं एक पाणी कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं. ती गोष्ट माझ्या मनात बसली होती.

वर्गात मी फळा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

"उघड्या समुद्रात भिंत नाही," मी म्हणाले, "तरी प्रत्येक जीव कुठेतरी थांबतो. का थांबतो, ते आज बघायचं."

मागून एकजण उठला. "मॅडम, सर तं म्हणते सगळीकडं आढळते. परीक्षेत कोनाचं लिवू?"

वर्ग हसला.  मी फळ्याकडे वळले आणि एक आडवी रेघ ओढली, समुद्राचा पृष्ठभाग. पाण्याकडे बघत बोलल्यासारखी त्या रेघेकडे बघत बोलत राहिले. पाणी तापलेलं किंवा थंड असतं, आणि माशाचं अंग त्या पाण्याएवढंच तापतं. फार गारठलं तर त्याला भूक लागत नाही, पोहवत नाही. आपल्याकडच्या अरबी समुद्रात थोडं खाली गेलं की पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो, म्हणून कित्येक मासे वरच्याच थरात राहतात. त्यांच्या पायाखाली न दिसणारी फरशी असते म्हणा. खालचं पाणी वर येतं तिथे खाणं भरपूर. मैलोन्‌मैल निळंशार स्वच्छ पाणी दिसतं तिथे उपासमार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंडी आणि पिल्लं. मोठा मासा चुकून, प्रवाहाबरोबर, खाण्यामागे लांब जाईल आणि जगेलही. पण तिथे त्याची पिल्लं जगली नाहीत तर ती जागा त्याची नाही. कुपा नावाचा मोठा मासा आहे, त्याचं अंग पाण्यापेक्षा गरम राहतं, त्यामुळे तो थंड पाण्यातही शिकारीला जातो. पण अंडी घालायला गरम पाण्यातच परत येतो.

मधल्या बाकावर मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरचा विद्यार्थी बसायचा. मिशीवाला, माझ्याहून थोराड दिसणारा. तो कधी बोलायचा नाही. त्या दिवशी म्हणाला, "म्हंजे आमच्या तांड्यासारकं, मॅडम. ऊस तोडाले कुठंबी जाते, पन लगन लावाले तांड्यावरच येते."

"मंग तू कुपा हायेस का बे?" शेजारचा म्हणाला, आणि वर्ग बाकांवर हात आपटून हसला.

"हो, तसंच," मी म्हणाले. पण त्या गोंधळात ते कोणाला ऐकू गेलं नसावं.

सर परतले त्याच दिवशी त्यांना सगळं कळलेलं होतं.

"मॅडम, तुमी पोरायले तांडे शिकवून राह्यल्या म्हणते."

"नाही सर. प्रसार…"

"प्रसार मी सांगतो. तुमी नळ्या धुवा."

रसायनशास्त्राचे सर खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते. मी नळ्या धुतल्या.

जानेवारीच्या शेवटी स्नेहसंमेलन होतं आणि त्यात विज्ञान प्रदर्शन. अध्यक्ष स्वतः फिरून बघणार आणि त्यानंतरच्याच बैठकीत नेमणुका ठरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी एक तक्ता तयार केला. ओळखीच्या माशांपासून सुरुवात केली, बांगडा, तारली, कुपा, मग तो बाणासारखा किडा, प्रत्येकाच्या पाण्याला वेगळा रंग. नावं इंग्रजीत लिहिली होती. सरांनी तो हात लांब करून धरला.

"मराठीत लिवा. इथं लंडनचे पाव्हणे नाही येऊन राह्यले."

मी पुन्हा काढला. दुसरा त्यांनी न बघता बाजूला ठेवला, कारण त्यांना एक मोठी कल्पना सुचली होती. वाशिमच्या माणसाने समुद्र कधी बघितलेला नाही, तर आपण त्याला समुद्र दाखवू. काचेची टाकी करवून घेऊ. समुद्राचं पाणी खारं असतं. खारं पाणी आपल्याकडे लोणारला आहे, एसटीने जाऊन आणता येतं. त्यात मासे सोडू.

"समुद्रातले मासे कुठून आणणार सर?" कोणीतरी विचारलं.

"मासा तो मासा."

हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. ज्यांच्याजवळ समुद्र आहे ते असं करणार नाहीत, आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांना हे सुचणार नाही. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे लोणार, लहानपणापासून. तिथल्या तळ्यात मासा नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. 'तिथे कोणी सोडलाच नाही,' असं त्यावर सरांचं म्हणणं.

शिपाई आणि दोन विद्यार्थी तेलाच्या रिकाम्या डब्यांतून पाणी घेऊन आले. शिपाई स्टाफरूममध्ये रंगवून सांगत होता. "कंडक्टर म्हने, 'डब्यात काय हाय, घासलेट?' म्या म्हनलं, 'समुद्र हाय.' थो म्हने, 'समुद्राले बी तिकीट लागते.'"

सगळे हसले. मीही कपाटाआड हसले असेन. मग डबा उघडल्यावर वास आला आणि मी पाण्यात बोटं घातली. ते बुळबुळीत होतं, साबणाच्या पाण्यासारखं. लाल लिटमस बुडवला, तो लगेच गडद निळा झाला. कागद हातात घेऊन मी सरांकडे गेले. स्वतःहून त्यांच्या टेबलापाशी जायची ती माझी पहिली वेळ.

"सर, ह्यात नुसतं मीठ नाही. सोडा आहे. मासे मरतील."

त्यांनी कागद बघितला. "समुद्राचं पाणी अल्कधर्मी असते का नसते?"

"असतं, पण अगदी थोडं…"

"असते ना? मंग झालं." ते बाकीच्यांकडे वळले. "मॅडमनं समुद्र पाह्यला. आमी खारं पाणी पाह्यलं. आता फरक काय थे त्याच सांगतीन."

सगळे माझ्याकडे बघत होते. अर्धं बरोबर असलेल्या माणसाशी कसं भांडायचं हे मला कोणत्याच भाषेत येत नव्हतं. मी कागद चुरगळून पदराआड धरला आणि परत आले.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी टाकी भरली. वर सरांनी कापडावर रंगवून घेतलं होतं, 'समुद्राला सीमा नाही'. मासे धरणाऱ्या भोयांकडून मासे आले, बादलीत सळसळणारे छोटे रोहू आणि दोन मरळ. रोहू टाकीत पडताक्षणी वेड्यासारखे काचेवर आदळले. मग एकेक करून कलले. थोड्या वेळाने पोट वर करून तरंगू लागले.

"नव्या जागेले बिचकले," सर म्हणाले. "सवय होईन."

मरळ चिवट. त्या पाण्यावर तोंड काढून हवा घेत होत्या, पुन्हा पुन्हा. मी घरी निघाले तेव्हाही घेत होत्या. सकाळी आले तेव्हा दोन्ही तळाशी पडलेल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर पांढरट थर धरला होता.

त्या सकाळी सर कोणावर ओरडले नाहीत. शिपायाला हळू आवाजात टाकी रिकामी करायला लावली, मेलेले मासे इमारतीमागे फेकायला लावले, आणि टाकी कॉलेजच्या विहिरीच्या पाण्याने भरून घेतली. मीठ टाकू की नको असं शिपायाने विचारलं. "नको," सर म्हणाले, "पुन्हा मरतीन." नवे मासे आले आणि छान पोहू लागले. कापड जागच्या जागी होतं. माझा तक्ता दाराच्या मागे लावलेला होता; दार उघडं राहणार होतं, म्हणजे तो कोणालाच दिसणार नव्हता.

"तुमी टाकीपाशी उभ्या राहा," ते मला म्हणाले. "इचारलं तं सांगजा, लोणारचं पाणी हाय, आमच्या विभागानं माशायले सवय लावली."

मी उभी राहिले.  लोक येत होते. लुगड्यातल्या बायका पोरांना उचलून काच दाखवत होत्या. "पाय, समुद्र." एका म्हाताऱ्याने हात जोडले. दोन तास उभं राहून घसा कोरडा पडला तेव्हा शिपायाने मला पाणी आणून दिलं, खिडकीतल्या ग्लासातून. ग्लास मी टाकीशेजारी टेबलावर ठेवला.

त्या दोन तासांत मी एकच गोष्ट मोजून मापून बघत होते. गप्प राहिले तर कदाचित नेमणूक राहील. कदाचित, कारण भाचा होताच. बोलले तर राहणार नाही, हे नक्की. मे महिना, पुसद. विचार पुढे सरकत नव्हता.

अध्यक्ष आले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. पांढरं धोतर, मऊ आवाज, मागे दहा-बारा माणसं. सरांनी 'लोणारचं पाणी हाय' म्हणून सांगितलं, तेव्हा टाकी बघून ते खूश झाले. मग खिडकीतून मागे त्यांची नजर गेली. तिथे कावळे जमले होते आणि वास येत होता.

"मागं काय मेलं बुवा?"

 विद्यार्थ्यांपैकी एकाने खाली बघितलं. अर्ध्या कॉलेजला माहीत होतं.

सर हसले. "काही नाही भाऊसाहेब. काल ह्या मॅडमच्या हातून टाकीत फॉर्मलीन पडलं. पह्यले मासे गेले. मॅडम नवीन हायेत, शिकतीन हळूहळू."

सगळे माझ्याकडे वळले. रसायनशास्त्राचे सर चष्मा पुसायला लागले. मेलेले प्राणी टिकवायच्या फॉर्मलीनची बाटली कुलपात असायची आणि किल्ली आमच्या सरांच्या खिशात, हे त्यांना माहीत होतं. त्या खोलीतल्या एकाही माणसाबद्दल मला त्या वेळी बरं वाटलं नाही, तांड्यावरच्या त्या विद्यार्थ्याबद्दलही नाही. तोही तिथेच उभा होता.

भाऊसाहेब माझ्या जवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"घाबरू नका मॅडम. काम करतो त्याच्याच हातून चुकतं. सरांना 'चुकलं' म्हणा, संपला विषय. पुढच्या वर्षी तुम्ही आहातच आमच्याकडे." त्यांनी मागे बघितलं. "काय सर, ठेवायचं ना मॅडमना?"

"तुमी म्हणाल तसं, भाऊसाहेब."

म्हणजे मला हवं होतं ते समोर आलं होतं. पुसद टळत होतं, एक शब्द म्हटला की. तो शब्द मी घरी रोज म्हणत होते. तो माझ्या तोंडात तयार होता. मी वर बघितलं तर कापडावर ती मोठी अक्षरं, 'समुद्राला सीमा नाही', आणि खाली विहिरीच्या पाण्यात रोहू मजेत फिरत होते. सरांनी मान हलवून मला खूण केली, लहान मुलाला पाया पडायला सांगतात तशी.

टेबलावरचा खिडकीतला ग्लास मी उचलला. त्यातलं उरलेलं पाणी फरशीवर ओतलं. बाही वर सारून ग्लास टाकीत बुडवला, काठोकाठ भरला. पितळ ओलं झालं आणि माझ्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मागे शिपाई "मॅडम" असं काहीतरी पुटपुटला. मी ग्लास भाऊसाहेबांच्या समोर धरला. तो इतका भरलेला होता की थोडं पाणी त्यांच्या जोड्यांवर सांडलं. त्यांनी ग्लासाकडे बघितलं, मग सरांकडे. ग्लास घ्यायला हात पुढे आला नाही.

"पाण्यात मी काही टाकलं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, पण सगळ्या खोलीत ऐकू गेला. "मासे लोणारच्या पाण्याने मेले. हे तुमच्या विहिरीचं पाणी आहे. खारट लागलं तर मी चुकले म्हणेन. चाखून बघा."